उणे साठच्या उन्हाळ्यात

‘दौंड किती?’ हा प्रश्न उजनीकाठी पावसाळ्यात तब्येतीच्या विचारपुशीसारखा विचारला जातो. करमाळ्यात, माढ्यात ढगाचा पत्ता नसला तरी चालतो. पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्यावर पाऊस झाला, वरची धरणे भरली आणि दौंडजवळ भीमेचा विसर्ग वाढला की इकडे उजनीचा जलाशय, म्हणजे यशवंतसागर, चढू लागतो. अंगणात थेंब नाही आणि धरण मात्र रोज वर, असे इथे दरसाल होते. उलटही होते. शिवारात दोन दिवस धो-धो कोसळून जातो आणि धरणाची काटी हलत नाही. ज्या पाण्यावर ऊस, केळी आणि सोसायटीचे हप्ते अवलंबून, ते पाणी दुसऱ्यांच्या आभाळातून येते. हातात नसलेल्या गोष्टीवर सगळा संसार बेतलेला असताना माणसाने समाधानी राहायचे कसे, हा प्रश्न या गावांत पुस्तकी नाही.

2023 च्या पावसाळ्यात उजनी भरलेच नाही. साठ-पासष्ट टक्क्यांच्या आसपास अडले आणि जानेवारी 2024 मध्येच ‘धरण मायनसमध्ये गेले’ अशी बातमी आली. जूनच्या सुरुवातीला आकडा उणे साठच्या घरात होता. फुगवट्यावर उपसा करणाऱ्या शेतकऱ्यासाठी याचा अर्थ अगदी साधा असतो. पाणी मागे हटले की मोटार पुढे न्यायची, केबलला केबल जोडायची, पाईप वाढवायचे, तेही पुरेना झाले की गाळात चारी खोदून पाणी मोटारीपर्यंत ओढून आणायचे. दर आठवड्याला हाच खेळ, हाताशी वीज मोजक्या तासांची. अशा वेळी काठावर दोन तऱ्हा दिसतात. चार-पाच जण वर्गणी काढून, जेसीबी लावून एकच चारी काढतात आणि पाळीपाळीने पाणी उचलतात. दुसरीकडे बांधावर बैठक बसते. पुण्याने पाणी अडवले, खालच्यांनी सोडून नेले, साहेबांनी नियोजन केले नाही, असा पाढा वाचला जातो. या तक्रारी खोट्या नसतात. पण त्या बोलून होईपर्यंत पाणी आणखी पन्नास फूट मागे सरकलेले असते.

इथेच एक गोष्ट सांगून टाकायला हवी. ज्याच्याकडे जादा केबल घ्यायला पैसे नाहीत, त्याला ‘दृष्टिकोन बदला’ असे सांगणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. विचार सकारात्मक ठेवला म्हणून पाणी वाढत नाही, कर्ज फिटत नाही. सुख-दुःख मनाच्या ठेवणीवर अवलंबून असते हे खरे, पण सगळेच तिच्यावर अवलंबून नसते. व्याख्यानांत हे दुसरे वाक्य बहुधा गाळले जाते. या लेखातले सल्ले ते वाक्य धरून आहेत.

आता त्या ‘मायनस’कडे जरा जवळून पाहू. धरणात पाणी असताना साठा उणे कसा असेल, असे सोलापूरबाहेरचा माणूस हमखास विचारतो. उजनीचा एकूण साठा 117 टीएमसी. त्यातला सुमारे 63.66 टीएमसी मृत साठा आणि 53.57 टीएमसी उपयुक्त साठा. शून्य टक्के म्हणजे धरण कोरडे नव्हे. मृत साठ्याच्या वर जी रेघ ठरवली आहे, तिथवर पाणी आले की शून्य, त्याखाली उणे. उणे साठ टक्क्यांनासुद्धा हिशेबाने 31 टीएमसीच्या पुढे पाणी उरते. पुण्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही चार धरणे काठोकाठ भरली तरी त्यांची बेरीज सुमारे 29 टीएमसी होते. उजनीच्या तळातला बराच भाग गाळाने व्यापला आहे, म्हणून ही तुलना ताणू नये. तरीही सोलापूर शहराच्या पिण्यासाठी ऐन टंचाईत नदीतून पाणी सोडले जाते ते याच ‘मेलेल्या’ साठ्यातून.

रेघ कुठे मारायची हे धरणाच्या बाबतीत अभियंते ठरवतात आणि त्याला हिशेबी कारण असते. घरोघरी ती रेघ कोण मारतो? मुलगा पुण्यात कंपनीत लागला नाही म्हणून घर उण्यात, भावकीतल्या एकाचा बंगला झाला म्हणून आपले पत्र्याचे घर उण्यात, ऊसबिल गेल्या वर्षीपेक्षा कमी आले म्हणून सगळी दिवाळी उण्यात. कधीतरी निवांत बसून स्वतःलाच विचारावे की आपला शून्य कुठे आहे आणि तो तिथे कोणी नेऊन ठेवला. बहुतेकांना असे आढळेल की गेल्या पाच-सात वर्षांत उत्पन्न वाढले आणि शून्याची रेघ त्याहून वेगाने वर गेली.

अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1955 पासून जी उपचारपद्धती मांडली, तिचा गाभा याच जागी आहे. मराठी वाचकांना तिची ओळख मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी करून दिली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या पुस्तकामुळेही एलिस इथल्या वाचकांना परके राहिलेले नाहीत. त्यांचे म्हणणे असे: घटना घडते आणि माणूस दुःखी होतो, या दोहोंच्या मध्ये त्या घटनेबद्दलची माणसाची समजूत उभी असते. पाऊस यावा ही इच्छा झाली. पाऊस आलाच पाहिजे, नाही आला तर मी संपलो, ही हुकूमवजा मागणी झाली. इच्छा पुरी झाली नाही तर वाईट वाटते, चिंता वाटते, आणि ते योग्यच आहे. मागणी मोडली की माणूस कोलमडतो किंवा पेटतो.

हे कागदावर करून पाहता येते. समजा, कंदर भागातली केळीची बाग आहे. मे-जूनमधल्या वळवाच्या वाऱ्याने घड लागलेली निम्मी बाग आडवी झाली. वहीच्या पानावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात नुसती घटना लिहायची: किती झाडे पडली, किती उभी आहेत, किती खर्च झाला होता. ‘वाटोळे झाले’ असे या रकान्यात लिहायचे नाही, मोजता येईल तेवढेच लिहायचे. दुसऱ्या रकान्यात त्या क्षणी मनात आलेले जसेच्या तसे उतरवायचे. माझ्याच नशिबी का, आता लोक काय म्हणतील, व्यापारी फोन उचलणार नाही, यातून उठणे नाही. तिसऱ्यात त्या प्रत्येक वाक्यासमोर पुरावा मागायचा. शेजारच्या किती बागा पडल्या? यापूर्वी बाग पडली तेव्हा आपण उठलो होतो की नाही? बुंध्याशी पील चांगले असेल तर पिलबाग धरता येते का? विमा असेल तर कळवण्याची मुदत कोणती, पंचनाम्याला कोणाला फोन करायचा? लिहिणाऱ्याच्या लक्षात येते की तिसरा रकाना भरताना दुःख संपत नाही, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचे ते हाताशी असते. हे काम डोक्यातल्या डोक्यात करू नये. डोक्यात तेच वाक्य गोल-गोल फिरते. कागदावर ते एकदाच लिहून होते.

ज्युलियन रॉटर या मानसशास्त्रज्ञाचा एक गाजलेला निबंध 1966 चा आहे. योगायोग असा की उजनीच्या कामाला सुरुवात झाली तेही याच वर्षी. आपल्या आयुष्याची सूत्रे आपल्या हाती आहेत असे काहींना वाटते, ती नशिबाच्या किंवा दुसऱ्यांच्या हाती आहेत असे काहींना वाटते, आणि या समजुतीनुसार माणसांचे वागणे बदलते, असे रॉटर यांनी मांडले. पुढे त्याचा सोपा अर्थ रूढ झाला: ‘सगळे माझ्याच हातात आहे’ असे माना आणि सुखी व्हा. उजनीकाठी हा अर्थ चालत नाही. सगळे माझ्याच हातात आहे असे मानणारा शेतकरी धरण उणे गेल्यावर स्वतःलाच अपराधी ठरवतो, गावात तोंड दाखवायला लाजतो, घरात बोलेनासा होतो. सगळे दैवाच्या हाती मानणारा चारी खोदत नाही. दोघेही आपापल्या वाटेने त्याच खड्ड्यात येतात. पाण्याचा आकडा दौंडच्या वर ठरतो, पण कोणत्या आकड्याला आपण काय करणार, हे घरात ठरू शकते.

त्यासाठी एक तारीख हाताशी आहे. पावसाळा सरला की 15 ऑक्टोबरचा साठा धरून राज्यातल्या धरणांच्या पाण्याचे नियोजन होते. घरचे नियोजनही त्याच सुमारास व्हावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर ते लिहून ठेवावे. धरण शंभरच्या पुढे असेल तर नवी लागण इतकी. साठ-सत्तरवर अडले तर नवी लागण नाही, खोडवा तेवढा राखायचा, बाकी ज्वारी-हरभरा. जानेवारीत उणे झाले तर जनावरांच्या चाऱ्याची सोय अमुक तारखेपर्यंत. ‘असे झाले तर असे करू’ अशा आधी ठरवलेल्या वाक्यांचा मोठा उपयोग होतो, हे पीटर गोलविट्झर यांनी 1999 मध्ये साधार मांडले आहे. ऐन वेळी घाबरलेल्या डोक्याला निर्णय घ्यावा लागत नाही, तो आधी शांत डोक्याने घेतलेला असतो. एवढे झाले की आकडा दिवसातून एकदा पाहिला तरी पुरतो. सकाळी पाहावा. रात्री निजताना ग्रुपवरच्या शंभर मेसेजमध्ये तो शोधत बसण्याने पाणी वाढत नाही, झोप मात्र जाते.

घर म्हणताना बाईमाणसाला यात धरणे आलेच. बऱ्याच घरांत कर्जाचा खरा आकडा नवऱ्यालाच माहीत असतो, आणि तो एकट्याने वागवण्यातच निम्मा जीव जातो.

मागे हटणारे पाणी सगळ्यांचे नुकसानच करते असेही नाही. पाणी ओसरेल तसतशी काळीभोर गाळाची जमीन उघडी पडत जाते. तिला गाळपेर म्हणतात. त्या ओलीवर मका, कडवळ, कलिंगड, काकडी अशी थोड्या दिवसांची पिके निघतात. टंचाईच्या वर्षी याच जमिनीवर चारा पिकवायला सरकारही प्रोत्साहन देते. अर्थात पाणी वेळेआधी परतले तर उभे पीक पोटात घेऊन जाते. मे 2025 च्या अखेरीस अवकाळी पावसाने धरण पावसाळ्याआधीच फुगू लागले, तेव्हा गाळपेरीचा भरवसा किती धरायचा हे काठाला पुन्हा कळले. पलीकडे इंदापूर तालुक्यात कुंभारगावच्या मासेमारांनी ओसरत्या पाण्याचा वेगळाच उपयोग शोधला. उथळ पाण्यात रोहित पक्षी उतरतात, ते पाहायला पुण्या-मुंबईची माणसे येतात, आणि जाळे टाकणारी होडी हिवाळ्यात पक्षी दाखवायला निघते. ज्या पोरांनी शाळा अर्धवट सोडली, त्यांना पक्ष्यांची इंग्रजी नावे तोंडपाठ आहेत. सोलापूरच्या काठावर तेच पाणी, तेच पक्षी असून हे फारसे घडले नाही, याची खंत करमाळ्याकडे ऐकू येते. ती रास्त आहे. रस्ते आणि सोयी हा तिचा एक भाग झाला. ‘आमच्याकडे कोण येतंय’ हा दुसरा.

काही दुःखे मात्र अशी असतात की त्यांना समजूत बदलण्याचे औषध देऊ नये. 1980 मध्ये धरण पुरे झाले. त्याआधीच गावे उठली होती. वांगी एक, वांगी दोन, वांगी तीन, केत्तूर एक, केत्तूर दोन अशी नंबर लावलेली गावे करमाळा तालुक्याच्या नकाशावर आहेत, कारण मूळ गाव पाण्यात गेले आणि माणसे फुटून वेगवेगळ्या माळांवर बसली. मुंबई-सोलापूर रेल्वेचा जुना मार्गही पाण्यात आला, रूळ बाजूला घ्यावे लागले. डिकसळचा ब्रिटिशकालीन पूल नंतर वाहनांच्या रस्त्याला लागला तो यामुळेच. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर, कुगावचा इनामदारांचा वाडा उघडे पडतात आणि म्हातारी माणसे ते पाहायला जातात. घरातली तरुण पिढी कधी कधी वैतागते: किती दिवस तेच तेच, आता बागायत झाली ना, मग? पण जमिनीचा मोबदला मिळाला म्हणून जोत्याची आठवण जात नाही.

जेम्स पेनबेकर यांनी 1986 पासून केलेल्या प्रयोगांत, मनावर आघात करून गेलेल्या प्रसंगांबद्दल सलग काही दिवस थोडा थोडा वेळ लिहिणाऱ्यांना पुढे त्याचा फायदा झालेला दिसला. लिहिण्याच्या दिवसांत त्यांना उलट जास्तच वाईट वाटत होते, हेही नोंदले गेले. धरणग्रस्त पिढीतले अनेक जण लिहिणार नाहीत, पण सांगतील. नातवाने मोबाईलवर आवाज नोंदवून घ्यावा. वेस कुठे होती, पाणवठ्याला वाट कुठून, पहिला पाऊस पडला की कोणता ओढा आधी वाहायचा, असे बारीक विचारावे. ‘कसं वाटतं?’ असे विचारू नये, त्याला उत्तर येत नाही. पाणी कमी असताना त्यांना जुन्या गावठाणापाशी न्यावे, फक्त वरून वाळलेल्या आणि आतून ओल्या गाळात पाय घालू देऊ नये. तो माणसाला कमरेपर्यंत घेतो.

तुलनेचे दुःख वेगळ्या जातीचे आहे आणि त्यावर इलाज चालतो. केळीचा निर्यातीचा भाव एकाला मिळतो, आठ दिवसांनी तोडणी करणाऱ्याला मिळत नाही. वर्षभर तो आठ दिवसांचाच हिशेब करत राहतो. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये लॉटरीत मोठी रक्कम लागलेल्या 22 जणांची आणि अपघाताने अपंगत्व आलेल्या 29 जणांची पाहणी प्रसिद्ध केली. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे जास्त सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, न्याहारी, विनोद अशा रोजच्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी भरला. अपघातग्रस्त इतरांपेक्षा कमी सुखी होते, पण लोक कल्पना करतात तेवढे दुःखीही नव्हते. पाहणी लहान आहे, तिच्यावर फार मोठी इमारत उभी करू नये. तरी शेजाऱ्याच्या लागलेल्या भावाकडे पाहताना ती आठवावी. करायचे ते एवढेच: तुलना करायची असेल तर आपल्याच गेल्या पाच वर्षांच्या वहीशी करावी, आणि शेजाऱ्याचा भाव कळला की त्याची तोडणी, पॅकिंग, व्यापारी यांची चौकशी करावी. हेव्यातून उठून चौकशीला जाणाऱ्याला निदान काहीतरी हाती लागते.

21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. करमाळा आणि इंदापूर हे दोन तालुके समोरासमोर असून रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या माणसे, मोटारसायकली होड्यांतून नेल्या जात होत्या. अशा वेळी ‘वेळ आली होती’ हे वाक्य सांत्वनासाठी बोलले जाते, आणि सांत्वन म्हणून त्याला जागा आहे. दहाव्यानंतरही तेच वाक्य चालू राहिले तर लाईफ जॅकेटचा, वारा सुटल्यावर होडी न सोडण्याचा, पुलाचा विषय मागे पडतो. पाण्याच्या रंगाबद्दलही असेच. पुणे-पिंपरी चिंचवडचे सांडपाणी आणि कारखान्यांचे पाणी भीमेतून इथे येते, हिरवा तवंग धरतो, वास सुटतो. याची सवय करून घेणे म्हणजे समजूतदारपणा नव्हे.

मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी 1967 मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून ‘शिकलेली हतबलता’ ही कल्पना मांडली: काही केले तरी फरक पडत नाही हे प्राणी शिकतो आणि सुटका शक्य असतानाही पडून राहतो. जवळजवळ 50 वर्षांनी, 2016 मध्ये, त्यांनीच ती दुरुस्त केली. मेंदूवरच्या संशोधनातून त्यांना दिसले की मोठा, न संपणारा त्रास झाला की हातपाय गाळणे हे आपोआप घडते. शिकावी लागते ती गोष्ट म्हणजे आपल्या करण्याने फरक पडतो ही जाणीव. गावाला हे लावायचे तर सुरुवात लहान आणि जिंकता येईल अशा मागणीने करावी. पाण्याचे नमुने तपासून मागणे, होडीत जॅकेट नसेल तर न बसणे, बारीक आसाच्या वडाप जाळ्याने पिल्ले उपसणाऱ्यांबद्दल मासेमारांनीच मिळून ठराव करणे. एक मागणी पदरात पडली की दुसऱ्या बैठकीला माणसे आपणहून येतात.

या सगळ्यापलीकडे एक स्थिती आहे आणि ती ओळखता आली पाहिजे. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली आहे किंवा माणूस उठतच नाही, जेवण तुटले, ज्या गोष्टी आवडत होत्या त्यांत मन लागत नाही, जनावरांकडेही पाहावेसे वाटत नाही, बोलण्यात ‘माझ्यामागे तुमचं बरं होईल’ असे येऊ लागले, तर तो स्वभावाचा दोष नसतो. तो आजार असतो आणि त्याला उपचार आहेत. अशा माणसाला वही आणि रकाने देऊ नयेत, हिंमत धर म्हणू नये. कीटकनाशकाचे डबे घरातून हलवावेत, त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टरांकडे न्यावे. सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. गावातून लगेच निघणे जमत नसेल तर 14416 हा ‘टेली मानस’चा क्रमांक आहे. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाली, फोन मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येते. आजारी माणूस स्वतः फोन लावेलच असे नाही. घरच्यांनी लावला तरी चालतो. काय बोलावे, काय टाळावे, कुठे न्यावे हे समोरून सांगतात.